छताला टांगलेला पायपर कब : जुनी मॉडेल विमानं दुकानात विक्रीला ठेवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि सभासदांना घरं रिकामी करायची तारीख मिळाली. त्यातल्या तळमजल्यावरच्या एका घरात मागची अख्खी खोली विमानांची होती. मालक सत्तरीतले, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना आपण काका म्हणू. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना ते कंट्रोल लाइनची, म्हणजे तारांवर स्वतःभोवती गोल फिरवायची विमानं उडवायला शिकले. पुढे रेडिओ रिमोटवर उडणाऱ्या विमानांकडे वळले आणि डोळ्यांनी साथ सोडेपर्यंत रविवार सकाळ त्यांनी मैदानावरच घालवली. आता दोनशे फुटांवरचं विमान तोंड करून येतंय की पाठ करून जातंय हे त्यांना कळत नाही. त्यांनी स्वतःहून उडवणं थांबवलं होतं, पण खोली तशीच होती.

भाड्याने घेतलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे सामान मावणं शक्य नव्हतं. मुलीने (तिला अनघा म्हणू) एका रविवारी यादी केली. बाल्सा या हलक्या लाकडाचे दोन ट्रेनर (नवशिक्यांची विमानं), खालच्या पंखाचं, म्हणजे पंख पोटाखाली असलेलं एक स्पोर्ट विमान, दोन मीटरचा इलेक्ट्रिक ग्लायडर, तीन फोमी (फोमची विमानं), न बांधलेली तीन किट्स, पाच सुटी इंजिनं, २.४ गिगाहर्ट्झचा एक रेडिओ सेट, ७२ मेगाहर्ट्झचे दोन जुने सेट. आणि एक पायपर कब, त्याच नावाच्या छोट्या खऱ्या विमानाच्या चतुर्थांश मापाचा. खऱ्या कबचा पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण १०.७ मीटर असतो, त्यामुळे हा भरला पावणेतीन मीटरच्या आसपास. पंख दोन तुकड्यांत सुटतो, तरी तो ठेवायला एक भिंत लागतेच.

नावं बदलली आहेत. दुकानाची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

अडचण

वरवर पाहता प्रश्न जागेचा आणि तारखेचा होता. खरा अडसर वेगळाच निघाला, तो म्हणजे भीड.

काकांच्या ओळखीतले सगळे उडवणारेच. ग्रुपवर फोटो टाकला असता तर तासाभरात विमानं गेली असती, पण पैसे? ज्याच्याबरोबर वीस वर्षं मैदानावर चहा प्यायला, त्याला ‘सहा हजार होतील’ असं काकांच्या तोंडून निघणार नव्हतं. दोन इंजिनं त्यांनी अशीच ‘घेऊन जा रे’ म्हणून देऊन टाकली होती. अनोळखी माणसांना ऑनलाइन विकायचं तर रोज ‘लास्ट किती?’ला उत्तर देणं आलं, घर दाखवणं आलं, आणि ‘उडतं ना नक्की?’ या प्रश्नाला फोनवर शपथा घेणं आलं.

दुसरी अडचण किमतीची. काकांच्या हिशेबात सव्वादोन लाखांचा माल होता, कारण त्यांनी घातलेले तास त्यात होते. अनघाने जुन्या मालाचे चालू भाव विचारून यादी केली तेव्हा बेरीज दीड लाखाला टेकली. त्यातले ५५ हजार एकट्या कबचे, पेट्रोल इंजिनासकट.

समोर असलेले पर्याय

शहरातल्या एका हॉबी शॉपच्या मालकाने खोली पाहून सगळ्याचे मिळून ४५ हजार रोख देऊ केले. टेम्पो त्याचाच. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घर रिकामं करायचं असताना ‘उद्या सगळं जाईल’ या वाक्याला किंमत असते.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या एरो क्लबला सगळं देऊन टाकावं असंही काकांच्या मनात होतं. पण अशा क्लबांची मुलं स्वतः डिझाइन केलेली विमानं बांधतात. त्यांना हवी असतात ती सर्व्हो (विमानाची सुकाणं हलवणारी छोटी यंत्रं), मोटरी आणि बाल्साच्या पट्ट्या. तयार ट्रेनर तिथे कपाटावर जातो आणि चार वर्षांत बॅच बदलली की त्याचा धनी कोण हेही कुणाला आठवत नाही. काकांनी बाल्साचा साठा आणि हत्यारांतली काही तिकडे दिली, विमानं दिली नाहीत.

राहिला पर्याय कन्साइनमेंटचा. माल दुकानात ठेवायचा, मालकी काकांचीच, विकला की दुकानदार कमिशन कापून पैसे देणार. दुकानदाराने तीस टक्के मागितले. वीसवर ठरलं, कबसाठी दहा. कमिशनचं बिल दुकान फाडणार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागणार, हे दुकानाच्या सीएने आधीच सांगितलं. बरं झालं, कारण ‘वीस टक्के’ म्हणजे प्रत्यक्षात २३.६ टक्के, हे हिशेबाच्या दिवशी कळलं असतं तर वाद झाला असता.

एक कायदेशीर बारकावा इथेच सांगतो. असा माल घेतलेला दुकानदार आपला एजंट असतो आणि मालाचा राखणदारही. भारतीय करार कायदा १८७२ त्याच्याकडून, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी (कलम १५१) आणि वसूल झालेल्या पैशांचा भरणा (कलम २१८) मागतो. पण मालविक्री कायदा १९३० चं कलम २७ खरेदीदाराच्या बाजूने आहे. दुकानदाराने आपल्या सूचना डावलून माल विकला, तरी प्रामाणिकपणे घेणाऱ्याची खरेदी पक्की. आपलं भांडण दुकानदाराशी उरतं, वस्तूच्या मागे धावता येत नाही. हे पुढे कामाला आलं.

दुकानात नेण्याआधी काय केलं

सगळ्यात आधी बॅटऱ्या बाजूला काढल्या. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या उशीसारख्या फुगल्या होत्या. एका सेलचा व्होल्टेज तीनच्या खाली गेला की ती बॅटरी विकायची नसते, चार्ज करून बघायचीही नसते. दुकानदाराने त्या हातात घ्यायलाच नकार दिला, ते योग्यच होतं. कारचा बल्ब लावून त्या पूर्ण उतरवल्या आणि ई-कचऱ्यात दिल्या.

मग इंजिनं. ग्लो इंजिनाच्या इंधनात मेथॅनॉल आणि एरंडेल. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्याने बेअरिंग गंजतात. एरंडेल वाळून वॉर्निशसारखं चिकटतं आणि पिस्टन जागचा हलत नाही. अशा वेळी पंखा धरून जोर लावला की काहीतरी तुटतंच. काकांनी हेअर ड्रायरने प्रत्येक इंजिन अंगभर गरम केलं, प्लगच्या भोकातून पातळ तेलाचे थेंब सोडले, थांबले, परत गरम केलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पंखा हळूच पुढे सरकायचा. पाचांपैकी पाचही सुटली. ४० साइजच्या (०.४० घन इंचाच्या) एका इंजिनाचं मागचं बेअरिंग खरखरत होतं. ‘बेअरिंग बदलावं लागेल’ असं लेबलवर लिहायचं की नाही यावर बापलेकीत थोडी चर्चा झाली आणि लिहायचं ठरलं.

प्रत्येक इंजिन स्टँडवर चालवून मोबाइलवर व्हिडिओ काढले. पहिलं गच्चीवर चालवलं आणि सोसायटीचे चेअरमन वर आले, बाकीची मैदानावर नेली. त्या व्हिडिओंचा क्यूआर कोड प्रत्येक लेबलवर गेला. या एका गोष्टीने ‘चालतं ना?’ हा प्रश्न संपवला. सुटी इंजिनं मागितलेल्या किमतीच्या अगदी जवळ गेली, ती यामुळेच असं माझं मत आहे.

७२ मेगाहर्ट्झचे सेट विकाऊ नाहीत हे काकांना मान्य व्हायला वेळ लागला. त्या काळात मैदानावर चॅनेल नंबरचे चिमटे असत. ज्याच्या अँटेनाला चिमटा, त्याचीच फ्रिक्वेन्सी. दोघं एका चॅनेलवर आले की एक विमान जमिनीत. २.४ आल्यावर चिमटे गेले आणि सेटही गेले.

लेबलवर शेवटची ओळ अनघाच्या आग्रहाने आली. उडवण्याआधी नोंदणी आणि हवाई क्षेत्राचे नियम पाहणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. ड्रोन नियम २०२१ मध्ये करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलना टाइप सर्टिफिकेटमधून (त्या प्रकारच्या विमानाला घ्यावी लागणारी सरकारी मान्यता) सूट आहे, पण म्हणून ती कुठेही उडवता येतात असं नाही. पुण्यात लोहगावचा विमानतळ आणि लष्करी हद्दी असताना तर नाहीच.

निर्णयाचे टप्पे

पहिला पेच दुसऱ्याच महिन्यात आला. यादीत ‘ट्रेनर, इंजिन व सर्व्होसह, ९,०००’ असं होतं. एका मुलाला फक्त इंजिन हवं होतं, दुकानदाराने स्क्रू काढून ते ५,५०० ला विकलं आणि अभिमानाने फोन केला. काका भडकले. ‘अहो, तुम्ही इंजिन काढलंत की विमानाचं नाक गेलं! आता ते कोण घेणार?’

दुकानदाराचंही खोटं नव्हतं. जुन्या ग्लो विमानांत गिऱ्हाइकाची नजर आधी इंजिनावर असते आणि सुटे भाग करून विकलं तर बेरीज बरेचदा पूर्ण विमानाइतकीच येते. फरक एवढाच की राहिलेला सांगाडा कुणाच्या गळ्यात पडतो. दुकानदाराच्या नाही, कारण तो त्याचा नाहीच. इंजिन परत मागण्यात अर्थ नव्हता. घेणाऱ्याची खरेदी पक्की होती. सांगाडा सर्व्होसकट पुढे २,५०० ला गेला. म्हणजे तोटा हजाराचा. त्याच दिवशी यादीत एक रकाना वाढला : ‘सुटं करायचं / करायचं नाही / विचारून’.

दुसरा पेच पैशांचा. तीन वस्तू विकल्या गेल्याचं कळलं, पैसे ‘पुढच्या आठवड्यात’ येत राहिले. दुकानदार लबाड होता असं मला वाटत नाही. त्याच्या गल्ल्यात आलेले पैसे त्याच्या नव्या मालाच्या बिलाला जात होते, एवढंच. त्याने उरलेल्या रकमेत दुकानातला माल घ्या असं सुचवलं. ज्याला खोली रिकामी करायची आहे त्याला परत माल! अनघाने भांडण न करता पद्धत बदलली. पाच हजारांवरच्या वस्तूंचे पैसे गिऱ्हाईक थेट काकांच्या यूपीआयवर देणार आणि काका त्याच संध्याकाळी कमिशन दुकानाला पाठवणार. त्याखालच्या वस्तूंचा हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला, यादीसह. दुकानदार चार दिवस घुटमळला, मग मानला. काकांनी कमिशन पाठवायला कधी उशीर केला नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

तिसरा प्रसंग नुकसानीचा होता आणि त्यातून भलताच फायदा झाला. दुसरा ट्रेनर पश्चिमेकडच्या काचेला लागून ठेवला होता. उन्हाने पंखावर चढवलेली पातळ प्लास्टिकची फिल्म सैल पडून सुरकुतली. अशा विमानाकडे बघून कुणी हात लावत नाही. भरपाई कोण देणार याची कलमं अनघा शोधत बसली. काका पिशवीत छोटी इस्त्री घालून शनिवारी दुकानात गेले.

काउंटरवर टॉवेल अंथरून त्यांनी पंख आडवा ठेवला. इस्त्रीच्या टोकाला सुती मोज्याचा तुकडा बांधला, आधी कडा दाबल्या, मग मधल्या फासळ्यांवरून इस्त्री टेकवत, न ओढता, पुढे नेली. जिथून इस्त्री जाई तिथली फिल्म ढोलाच्या पानासारखी ताणली जाई. चार-पाच मुलं आणि दोन बाप भोवती उभे राहिले. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाची बोटं कुठे फासळी आहे ते बरोबर सांगत होती. ‘हे उडतं कसं?’पासून प्रश्न सुरू झाले. विमान त्या संध्याकाळी ७,५०० ला गेलं. घेणाऱ्या बापाने काकांचा नंबरही घेतला.

त्यानंतर काका अधूनमधून शनिवारी दुकानात बसू लागले. स्पोर्ट विमान आणि ग्लायडर दोन्ही अशाच शनिवारी विकली गेली. काउंटरवरचा पोरगा ड्रोनचे पार्ट आणि रिमोटच्या गाड्या विकण्यात हुशार होता, पण खालच्या पंखाचं विमान नवशिक्याला का देऊ नये हे त्याला सांगता येत नव्हतं. काका ते सांगत, आणि नको त्या माणसाला सरळ ‘हे तुमच्यासाठी नाही’ म्हणत. त्यामुळे विश्वास बसे. दुकानात मात्र त्यांना भीड वाटत नसे, कारण पैशांचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी होतं.

कबचा गुंता

दुकानदाराने कब आनंदाने घेतला आणि रंगीत नायलॉनच्या दोऱ्यांनी छताला टांगला. पिवळा रंग, काळा वीजपट्टा, पावणेतीन मीटरचा पंख. दारातून येणारा प्रत्येक माणूस वर बघायचा आणि लहान मुलं आईबापांना ओढून आत आणायची. दुकानाच्या जाहिरातीतल्या फोटोंतही तो दिसू लागला.

विकला मात्र जाईना. विचारणारे बरेच होते. किंमत ऐकून कुणी चाळीस म्हणे. दुकानदार ‘मालक कमी करत नाहीत’ सांगून मोकळा होई. काकांना विचारलं तर त्यांना अशी ऑफर आल्याचं माहीतच नसे.

या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही. दुकानातल्या स्वतःच्या मालात दुकानदाराचे पैसे अडकलेले असतात, म्हणून तो विकायला धडपडतो. विक्रीला ठेवलेल्या मालात त्याचं काहीच अडकलेलं नसतं. कबच्या बाबतीत तर उलट होतं. विकला गेला तर त्याला एकदाच कमिशन, आणि टांगलेला राहिला तर रोज गिऱ्हाईक. यात कुणाचा वाईट हेतू शोधायची गरज नाही. करारात मुदत नव्हती, भाव कधी आणि किती उतरवायचा हे लिहिलेलं नव्हतं, आणि आलेली ऑफर मालकाला कळवायची अटही नव्हती.

सातव्या महिन्यात अनघाने दोन पर्याय ठेवले. टांगून ठेवायचं महिना भाडं द्या, किंवा परत द्या. दुकानदार आधी हसला, नंतर गंभीर झाला, शेवटी म्हणाला, ‘घेऊन जा ताई.’

कब खाली उतरवल्यावर कळलं की धूळ आणि ट्यूबलाइटच्या उजेडाने वरचं कव्हरिंग फिकं पडलं आहे. पंधरा दिवसांत काकांच्या जुन्या मित्राच्या ओळखीतून नाशिककडचा एक खरेदीदार आला आणि ३८ हजारांना घेऊन गेला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं की त्याने कब पहिल्यांदा दुकानातच पाहिला होता.

आता कमिशन द्यायचं का? करारात याबद्दल अवाक्षर नव्हतं. काका म्हणाले, पूर्ण द्या. भाऊबंद म्हणाले, एक पैसाही देऊ नका, सात महिने फुकट शोभा झाली. अनघाने दहाऐवजी पाच टक्के दिले आणि दुकानदाराला कारण सांगितलं. गिऱ्हाईक दुकानाने दाखवलं, पण सौदा केला नाही. हा तोडगा कायद्याने बांधलेला नव्हता. उरलेले दोन फोमी तिथेच विकायचे असल्याने व्यवहाराला धरून होता.

हिशेब

आठ महिन्यांत दुकानातून ८१,५०० रुपयांची विक्री झाली. किट्स पहिल्याच महिन्यात मागितलेल्या किमतीला गेली, एकूण १५ हजार. न बांधलेल्या किटमध्ये कुणाचा अपघात लपलेला नसतो, म्हणून घेणारा शंका घेत नाही. सुट्या इंजिनांचे २७ हजार आले, रेडिओचे सहा. सगळ्यात मोठी घट स्पोर्ट विमानात. ११ हजार लावलं होतं, आठला गेलं. एक फोमी परत आला.

कमिशन १६,३०० आणि त्यावरचा जीएसटी २,९३४ वजा जाता हातात ६२,२६६. कबचे, कमिशन व कर जाऊन, ३५,७५८. म्हणजे एकूण अठ्ठ्याण्णव हजारांच्या वर. रोखीच्या ४५ हजारांच्या दुपटीहून अधिक, पण त्यासाठी आठ महिने, बऱ्याच शनिवार-सकाळी आणि अनघाची एक्सेल शीट खर्ची पडली. खोली मात्र पहिल्याच आठवड्यात मोकळी झाली होती, आणि मूळ गरज तीच होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळा माल एकाच अटीवर द्यायला नको होता. किट्स, इंजिनं, रेडिओ या वस्तू छोट्या, लगेच जाणाऱ्या. त्यांना दुकान उत्तम. फोमी दुकानाला जड जातात; नवा फोमी थोड्याच जास्त पैशांत वॉरंटीसह मिळतो, तेव्हा ते सुरुवातीलाच मित्रांच्या मुलांना देऊन टाकले असते तरी चाललं असतं. कब दुकानात द्यायचाच नव्हता, किंवा द्यायचा तर दोन महिन्यांच्या बोलीवर.

भाव उतरवण्याचं वेळापत्रक पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं. दोन महिन्यांत नाही गेलं तर दहा टक्के कमी, चार महिन्यांत आणखी दहा, सहाव्या महिन्यात परत. असं लिहिलेलं असलं की मालकाला दर वेळी मनाशी झगडावं लागत नाही आणि दुकानदाराला ‘मालक ऐकत नाहीत’ म्हणता येत नाही. काकांसारख्या माणसाला एकदाच दुखतं, तेही कागदावर.

विम्याचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दुकानाचा आगीचा विमा दुकानाच्या मालावर असतो. दुसऱ्याचा विक्रीला ठेवलेला माल पॉलिसीत वेगळा नमूद असेल तरच तो धरला जातो. आग लागली नाही म्हणून हे निभावलं.

त्या दुकानदाराने आता विक्रीला ठेवायच्या मालासाठी स्वतःचा छापील फॉर्म केला आहे. त्यात सहा महिन्यांची मुदत आहे, सुटं करण्याबद्दलचा रकाना आहे, व्हिडिओची लिंक द्यायची जागा आहे. टांगायच्या भाड्याचा उल्लेख नाही.